दोघांनाही ऑटिझम, मग ‘ब्रेन मॅपिंग’मधले लाल डाग नेमकं काय सांगतात?

दोघांची_आई

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मला दोन मुलगे आहेत. मोठा नऊ वर्षांचा, धाकटा सहाचा. दोघांचंही निदान ऑटिझमच. पण एका घरात राहून दोघं एकमेकांच्या अगदी उलट. शेजारच्या खोलीत हेअर ड्रायर लागला तरी मोठा दोन्ही कान दाबून पलंग आणि भिंतीच्या फटीत जाऊन बसतो. ड्रायर बंद झाला तरी दहा-पंधरा मिनिटं कानांवरचे हात काढत नाही. धाकटा तोच आवाज ऐकून धावत येतो. वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागलं की त्याला गाल टेकून उभा राहतो, डोळे अर्धे मिटलेले, आणि मशीनच्या सुरात सूर लावून गुणगुणतो. मोठा पूर्ण वाक्यांत, जरा पुस्तकी बोलतो. धाकट्याचे शब्द दहा-बाराच आहेत, बाकी सगळं हाताला धरून नेऊन दाखवतो.

दोन महिन्यांपूर्वी एका केंद्रात मोठ्याचं ‘ब्रेन मॅपिंग’ केलं. टोपीसारखं काहीतरी डोक्यावर चढवून वीस-पंचवीस मिनिटं बसवलं. रिपोर्टमध्ये वरून पाहिलेल्या डोक्यांची रंगीत चित्रं होती. कपाळाच्या बाजूला लाल, दोन्ही कानांच्या वरच्या भागात लाल, मागे थोडं निळं. “लाल आहे तिथे मेंदू जास्त काम करतोय, हा ऑटिझमचाच पॅटर्न आहे,” असं सांगितलं. आता धाकट्याचंही करून घ्या म्हणतात, म्हणजे दोघांच्या थेरपी त्यावरून ठरवता येतील.

माझा प्रश्न साधा आहे. ऑटिझमचा मेंदूत एक ठरलेला पॅटर्न असेल, तर माझी दोन मुलं इतकी वेगळी कशी? आणि तसा नसेल, तर त्या कागदावर काय छापलंय?

---

मंद_उजेड

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. निदान एकतिसाव्या वर्षी झालं. मेंदूच्या चित्रांबद्दल जाणकार लिहितीलच, मी फक्त आवाजाबद्दल लिहितो.

माझ्याच बाबतीत एक आवाज सोमवारी चालतो आणि गुरुवारी चालत नाही. ऑफिसमधल्या ट्यूबलाइटची घरघर मला ऐकू येते, शेजारच्यांना येत नाही. रात्री नीट झोप झाली असेल तर ती घरघर मागे कुठेतरी पडून राहते. झोप मोडलेली असेल तर समोरचा माणूस काय बोलतोय ते शब्द शब्द वेचून जुळवावं लागतं. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मीच बटण दाबून सुरू केलेला आवाज जवळजवळ कधीच त्रास देत नाही. कधी सुरू होईल हे माहीत नसलेला आवाज मात्र छातीत धडकी भरवतो, मग तो हळू का असेना.

मोठ्याच्या हातात ड्रायरचं बटण एकदा देऊन बघा. जबरदस्ती नको. ड्रायर भिंतीतल्या प्लगला जोडलेला, बटण त्याच्या हातात, आणि तुम्ही खोलीत गप्प बसलेल्या. त्याला नसेल लावायचा तर तो नाही लावणार.

---

काचेअलीकडे

ताई, मी सहा वर्षं एका संशोधन प्रयोगशाळेत एमआरआय स्कॅनर चालवायचे. काचेच्या पलीकडे मशीन आणि त्यात झोपलेलं मूल, अलीकडे मी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे मुलांच्या उपचारांबद्दल बोलणार नाही. पण मेंदूची चित्रं कशी तयार होतात आणि ती कुठे फसवतात, हे रोज पाहिलंय. सविस्तर लिहिते, कारण तुमचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा खोल आहे.

आधी तुमच्या हातातला कागद. ती टोपी म्हणजे ईईजी. कवटीवरून मेंदूच्या विद्युत लहरी टिपायच्या, संगणकाने त्यांची मापं काढायची आणि त्याच वयाच्या मुलांच्या सरासरीशी ताडून रंगवायची, याला क्यूईईजी म्हणतात. लाल म्हणजे त्या सरासरीहून जास्त, निळं म्हणजे कमी, एवढाच अर्थ. “जास्त काम करतोय” असा अर्थ त्यातून निघत नाही. आता हिशेब करा. बहुतेक टोप्यांवर १९ इलेक्ट्रोड (लहरी टिपणाऱ्या चकत्या) असतात आणि प्रत्येकावर लहरींचे, त्यांच्या वेगानुसार, साधारण ५ पट्टे मोजतात. म्हणजे ९५ आकडे झाले. सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांपलीकडचं (म्हणजे शंभरातल्या साधारण पाचांतच आढळेल इतकं दूरचं) ते सगळं रंगवायचं ठरवलं, तर काहीही त्रास नसलेल्या मुलाच्या कागदावरही निव्वळ योगायोगाने चार-पाच ठिकाणी रंग उमटेल.

दुसरं, तुम्ही लिहिलंय की लाल कपाळाशी आणि कानांच्या वर आहे. पापण्यांची उघडझाप आणि डोळ्यांची हालचाल कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडमध्ये मंद, मोठ्या लहरी म्हणून शिरते. दात आवळले, भुवया आक्रसल्या की स्नायूंची वीज वेगवान लहरींसारखी दिसते, आणि चावण्याचे स्नायू नेमके कानांच्या वरच असतात. मेंदूची वीज मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांत, त्यापुढे स्नायूंची कितीतरी जोरदार. ज्याला डोक्यावर काही घातलेलं सहन होत नाही असं मूल वीस मिनिटं दात आवळून बसलं, तर त्या जागा लाल होणारच. तुमच्या मुलाचं तसंच झालं असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण मूळ रेकॉर्डिंगमधले असे तुकडे कुणी अनुभवी नजरेने पाहून काढले होते का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता खरा प्रश्न, ऑटिझमचा एक पॅटर्न आहे का.

शास्त्रज्ञांनी तो वर्षानुवर्षं शोधलाय. २००४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मार्सेल जस्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलं की ऑटिझममध्ये मेंदूच्या लांबलांबच्या भागांचा ताळमेळ कमी पडतो. पुढची काही वर्षं सगळीकडे तेच. मग २०१३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने लहान मुलांचे स्कॅन तपासले तर उलटंच निघालं, जोडण्या (म्हणजे भागाभागांतला हा ताळमेळ) जास्त! दोन्हीकडे काम करणारी माणसं तयारीची होती.

२०१५ मध्ये अविताल हहामी, मार्लीन बेहरमन आणि राफाएल मलाख यांनी याकडे वेगळ्या बाजूने पाहिलं. मशीनमध्ये काहीही न करता नुसतं पडून राहिलेल्या माणसांचे स्कॅन घेतले आणि मेंदूचे डावे-उजवे अर्धे भाग कुठे किती एकसाथ चालतात ते मोजलं. ऑटिझम नसलेल्यांचे नकाशे एकमेकांशी बरेच मिळतेजुळते निघाले. ऑटिस्टिक व्यक्तींचे नकाशे मात्र त्या सामाईक नकाशापासून ढळलेले होते, आणि प्रत्येकाचा ढळण्याचा प्रकार वेगळा. एकाची जोडणी जिथे जास्त, तिथेच दुसऱ्याची कमी. ज्याचा नकाशा जास्त ढळलेला, त्याची ऑटिझमची लक्षणंही जास्त, असा संबंधही त्यांना दिसला.

हे मी नवीन सहकाऱ्यांना असं समजावायचे. वीस मुलांना ट्रेसिंग पेपरवर ‘क’ काढायला सांगा आणि कागद एकावर एक ठेवून उजेडात धरा. सगळ्यांनी साधारण सारखा काढला असेल तर एक ठळक ‘क’ दिसेल. प्रत्येकाने आपल्या वळणाचा काढला असेल तर नुसता फिकट गिचमिडा दिसेल. त्या गिचमिड्यावरून “या मुलांचं अक्षर फिकं आहे” असं म्हणाल तर चूक होईल, कारण सुट्टा कागद हातात घेतला तर प्रत्येकाची रेघ ठसठशीत आहे. सरासरी काढताना हेच होतं. तुमची दोन मुलं उलट टोकांना आहेत म्हणून निदान चुकलंय असं वाटून घेऊ नका. निदानाच्या निकषांतही ही दोन्ही टोकं आहेत. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये (निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी निकष-पुस्तकात) आवाज-स्पर्शाला जास्त प्रतिसाद, कमी प्रतिसाद आणि त्यांचं विलक्षण आकर्षण हे एकाच मुद्द्यात धरलंय. कान दाबणारा आणि मशीनला गाल टेकणारा, दोघंही त्यात बसतात.

भावंडांबद्दल तर थेट अभ्यास आहे. २०१५ मध्येच कॅनडातल्या स्टीफन शेरर यांच्या गटाने दोन ऑटिस्टिक भावंडं असलेल्या ८५ कुटुंबांचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचला. ज्या कुटुंबांत ऑटिझमशी जोडलेले जनुकीय बदल सापडले, त्यांतल्या सुमारे ७० टक्के भावंडांमध्ये ते बदल वेगवेगळे होते. आईवडील एक, घर एक, निदान एक, तरी वाट वेगळी.

हे सगळं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती मला फार टोचते. एफएमआरआयमध्ये (मेंदूचे भाग कसे एकसाथ चालतात ते मोजणाऱ्या एमआरआयमध्ये) डोकं मिलीमीटरच्या अंशानेही हललं की जोडण्यांचे आकडे बिघडतात. २०१२ मध्ये हे नीट दाखवलं गेलं तेव्हा आधीच्या कितीतरी निष्कर्षांकडे संशयाने बघावं लागलं. उपाय काय, तर जास्त हललेल्यांचे स्कॅन बाजूला काढायचे. मी स्वतः ते काढलेत. म्हणजे अभ्यासात उरतं कोण? अरुंद नळीत, शंभर डेसिबलच्या वर जाणाऱ्या खडखडाटात, सूचना समजून, निपचित पडून राहू शकणारा. अबाइड या मोठ्या खुल्या संग्रहाच्या पहिल्या भागात १७ केंद्रांतल्या १११२ जणांचे स्कॅन आहेत, त्यांतले ५३९ ऑटिझम असलेले. त्यांत मुलगे-पुरुष खूप जास्त, आणि बोलणारे, चाचण्या देऊ शकणारे जास्त. दहा-बारा शब्दांवर असलेला तुमचा धाकटा या चित्रांत जवळजवळ नाहीच. जिथे फरक सर्वांत मोठे असतील, तिथले स्कॅन सर्वांत थोडे.

एक मुलगा सांगते आणि थांबते. दहा-अकराचा असेल. स्कॅनआधी आम्ही मुलांना खोट्या मशीनमध्ये सराव द्यायचो, आवाजाचं रेकॉर्डिंग लावून. बाकीची मुलं आवाज सुरू झाला की दचकायची आणि हळूहळू स्थिरावायची. याचं उलट. खडखडाट चालू असताना हा दगडासारखा स्तब्ध, पडद्यावरची हालचालीची रेघ सरळ सपाट. दोन स्कॅनच्या मधे मशीन गप्प झालं की रेघ उड्या मारायची. आम्ही सगळे त्या शांततेत घाई करायचो, “झालं हं, थोडंच राहिलं” असं माइकवर बोलायचो. त्याच्या आईने सांगितलं, तुम्ही बोलू नका, मधली शांतता किती सेकंदांची ते त्याला आधी सांगा. पुढच्या वेळी तिने हातावर टिचक्या मारून त्याला आकडा दिला, “आता वीस.” रेघ सपाट राहिली. मेंदूची चित्रं काढणारे आम्ही पाच जण होतो, आणि त्याच्याबद्दलचा सगळ्यात उपयोगी आकडा त्याच्या आईकडे होता.

---

तिचा_बाबा

वरचं पटलं, पण एक भर घालतो, नाहीतर कुणी वाचून ‘ईईजीच नको’ असं ठरवेल.

माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. सात वर्षांची असताना बोलता बोलता मधेच थांबायची. आठ-दहा सेकंद नजर स्थिर, पापण्या फडफडायच्या, मग वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे. आम्ही वर्षभर समजत होतो की ती ‘आपल्या जगात’ आहे. शाळेतही तेच म्हणाले. शेवटी बालमेंदूविकार तज्ज्ञांनी ईईजी काढायला सांगितला. तंत्रज्ञाने तिच्या हातात कागदी भिरभिरं दिलं आणि तीन मिनिटं जोरजोरात फुंकायला सांगितलं. फुंकता फुंकता ती थांबली, भिरभिरं फिरायचं थांबलं, आणि त्याच क्षणी पडद्यावर सगळ्या रेघांत एकदम ठरावीक लयीच्या टोकदार लहरी. अॅब्सेन्स प्रकारच्या फिट्स होत्या. औषध सुरू झालं आणि ते थांबणं गेलं. ऑटिझम आहे तसाच आहे, आणि तो काही आम्हाला घालवायचा नव्हता.

ऑटिझम असलेल्यांत फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. त्यामुळे तसं काही दिसलं, किंवा आलेले शब्द जायला लागले, तर वेळ न घालवता तज्ज्ञांकडे जा. तो ईईजी एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर शोधायला काढलेला असतो, आणि तो वाचणारा माणूस रेघा वाचतो, रंगीत डोकी नाही.

---

दोघांची_आई

तुम्ही तिघांनी एवढा वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. दोनदा वाचलं, रात्री नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

काचेअलीकडे ताई, दात आवळण्याबद्दल वाचून मी एकदम उठून बसले. टोपी चढवताना त्याने माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्या मनगटावर नखांच्या खुणा होत्या. आणि कपाळाला आठ्या, शेवटपर्यंत. कुणी रेकॉर्डिंग थांबवलं नव्हतं. मीही काही बोलले नाही, याचं आता वाईट वाटतंय.

अजून एक विचारू? प्रत्येकाचा मेंदू आपल्या वळणाचा असेल, तर निदान माझ्या मुलाचं ते वळण तरी स्कॅनमध्ये सापडेल ना? ऑटिझमचा पॅटर्न जाऊ दे, ‘त्याचा’ पॅटर्न.

---

काचेअलीकडे

वाईट वाटून घेऊ नका. त्याने धरायला हात शोधला आणि तो तुमचा होता.

त्याचं वळण स्कॅनमध्ये ओळखू येईल का? येईल. २०१५ मध्येच येल विद्यापीठात एमिली फिन आणि सहकाऱ्यांनी १२६ जणांच्या स्कॅनमधून दाखवलं की जोडण्यांच्या नकाशावरून, एका दिवशीच्या स्कॅनची दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनशी गाठ घालून माणूस ओळखता येतो, ९० टक्क्यांहून अधिक वेळा. ती काही ऑटिझम असलेली माणसं नव्हती. वेगळेपण सगळ्यांतच आहे. पण बोटाच्या ठशावरून माणूस ओळखता येतो, त्याला काय हवंय ते ठशावरून कळत नाही. इथेही आज तेवढंच.

प्रयत्न चालू आहेत. २०२३ मध्ये कॉर्नेलच्या एका गटाने २९९ ऑटिस्टिक व्यक्तींचे स्कॅन आणि त्यांची वागणूक एकत्र ताडून चार उपगट मांडले. मला त्यातलं हे आवडलं की सगळ्यांना एका सरासरीत न ढकलता फरकांतूनच वाट काढलीय. पण दवाखान्यात एका मुलाचा स्कॅन काढून “हा तिसऱ्या गटातला, म्हणून ही थेरपी” असं म्हणण्याइतकं ते पुढे आलेलं नाही.

आवाजाबद्दल आणखी एक, मंद_उजेड यांच्या सोमवार-गुरुवारवरून आठवलं. २०१२ मध्ये इलान डिनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी काही ऑटिस्टिक प्रौढांना हलते ठिपके दाखवले, बीप ऐकवले, हातावर हवेची फुंकर सोडली, आणि तेच पुन्हा पुन्हा. मेंदूचा सरासरी प्रतिसाद इतरांएवढाच होता, पण दर वेळचा प्रतिसाद आधीच्या वेळेपेक्षा जास्त बदलत होता. कधी मोठा, कधी लहान. मला हे वाचून फार हायसं वाटलं होतं, कारण “काल तर चाललं होतं, आज नाटक करतोय” हे वाक्य मी कितीतरी मुलांच्या बाबतीत ऐकलंय. मात्र २०१७ मध्ये दुसऱ्या गटाने ईईजी वापरून तेच तपासलं तेव्हा हा फरक सापडला नाही. म्हणजे मेंदूच्या पातळीवर प्रश्न सुटलेला नाही. पण मुलाचा आज आणि काल सारखा नसतो, हे तर तुम्ही घरात पाहताच. सरासरीशी तुलना करण्यापेक्षा त्याची त्याच्याशीच तुलना करा. आवाज कुठला, कुणी सुरू केला, आधी सांगितलं होतं का, रात्री झोप किती झाली, कानांवरचे हात किती मिनिटांनी निघाले. चार ओळींची वही. कुठल्याही थेरपिस्टसमोर ती ठेवलीत तर बोलायला नेमकं काहीतरी असेल.

धाकट्याचं मॅपिंग मी करवून घेतलं नसतं. त्याची शांत गुणगुण हा आत्ता त्याच्याकडचा मोठा ऐवज आहे. तो कुठल्या सुरात लागतो, मशीनचा वेग बदलला की सूर बदलतो का, ते ऐका. आणि तिचा_बाबा यांनी लिहिलंय तसं नजर थांबणं वगैरे काही असेल, तर मॅपिंग केंद्रात न जाता तज्ज्ञांकडे जा. जाताना मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या.

---

दोघांची_आई

नऊ दिवसांनी लिहितेय.

केंद्राकडे मोठ्याचं मूळ रेकॉर्डिंग मागितलं. “ते पालकांना देत नाही” म्हणाले. धाकट्याची अपॉइंटमेंट रद्द केली. धाकट्यात नजर थांबण्यासारखं काही दिसलेलं नाही, तरी पुढच्या महिन्यात डॉक्टरांना भेटू तेव्हा विचारीन.

वही सुरू केलीय. पहिल्या पाच दिवसांतच एक गोष्ट दिसली. मी ड्रायर लावते त्याआधी कधीच सांगत नाही. एकदाही नाही! सहाव्या दिवसापासून “आता लावणार, तीस सेकंद” असं सांगून घड्याळ समोर ठेवते. हात अजून कानांवर जातात, पण दोन मिनिटांत निघतात.

काल संध्याकाळी बटण त्याच्या हातात दिलं. मी दाराशी बसले. बराच वेळ त्याने ड्रायर मांडीवर धरून ठेवला. मग एक कान खांद्याला दाबला, दुसऱ्यावर तळहात ठेवला, आणि अंगठ्याने बटण दाबलं. चार सेकंद. बंद. “हा आवाज आधी वर चढतो आणि मग सरळ होतो. मला फक्त चढतो तो आवडत नाही,” म्हणाला.

तेवढ्यात आतून धाकटा धावत आला आणि भावाच्या हातातल्या ड्रायरला गाल टेकवून उभा राहिला. मोठ्याने त्याला विचारलं, “लावू का? आधी चढेल हं.”